मुक्यानं जेवायचा नेम

"पूर्णे, तुझा उपास सुटत न्हाय गं."

आत्तीनं हे म्हटलं ते वाती वळता वळता, मान वरसुद्धा न करता. पूर्णिमा देवघराच्या उंबऱ्यावर टेकली.

"सुटतोय की. काल चंद्र बघून सोडला न्हवं का संकष्टीचा?"

"ताट वाढून घेतलंस. चंद्राला ओवाळलंस. आन् मोदक?" आत्तीनं कापूस ओढून वात सरळ केली. "मोदक सकाळी तुळशीमागं मुंग्यांनी धरलावता."

आत्ती म्हणजे अमरसिंहांची, तिच्या पप्पांची थोरली बहीण. मालक गेल्यावर बावीस वर्षांपूर्वी ती कोल्हापूरला राजारामपुरीत भावाकडं राहायला आली, ती आपले देव एका परातीत घेऊनच. घरातले बाकी सगळे तिला आक्का म्हणत. पहाटेचा दिवा, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, गाईचा घास. तिचे नेम एवढे मुकाट चालायचे, की ती ते करते हे घराला पंचांगावरूनच कळायचं.

त्या घरात हळू बोलणारं माणूसही तेवढंच. अमरसिंहांचं शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. दिवसभर चालू मोटारीच्या वरताण बोलून त्यांचा घसा असा तयार झालेला, की 'मीठ दे' म्हणाले तरी भांडण लागल्यासारखं वाटावं. धाकटा ऋतुराज बापावर गेलेला. आईचा आवाज त्या दोघांना पुरून उरणारा.

त्या गोंगाटात दोन वर्षं पूर्णिमाचं न जेवणं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. चुलतबहिणीच्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायला टाकताना शिंपीणबाई टेप गुंडाळत म्हणाल्या, "मागलं माप आता इसरा वयनी. पोरगी अंगानं सुटलीया." आई हसली, दुकानातल्या आणखी दोघी हसल्या, पूर्णिमाही हसली. घरी येऊन तिनं ताटावर बसायचं टाळलं आणि सांगितलं, "आज मंगळवार. अंबाबाईचा उपास धरलाय."

डाएट करते म्हणाली असती, तर घरानं डोक्यावर घेतलं असतं. 'हाडं दिसाय लागली की कोण करून घेणार तुला?' इथपासून सुरू झालं असतं. पण उपास म्हटल्यावर सगळे हात जोडून बाजूला झाले. आई म्हणाली, "बरं झालं बाई, देवीचं करावं पोरीनं."

मंगळवारामागून सोमवार आला. मग शनिवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष. अमरसिंह दुकानात गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "आमची पोरगी आठवड्यातनं चार उपास करतीया. दावा की आजच्या काळात अशी पोरगी!" उरलेल्या तीन दिवसांत ती काय खाते, हे कुणी विचारत नव्हतं. त्याचा हिशेब एकटी पूर्णिमा ठेवत होती. प्रत्येक घास ती मोजायची. पोट रिकामं राहिलं की पुण्य केल्यासारखं वाटायचं, आणि भरलं की पाप. मधूनच कधी धीर सुटायचा. घरात कुणी नसताना ती उभ्यानंच, हाताला येईल त्या डब्यातलं, चवसुद्धा न बघता खात सुटायची. आणि मग भानावर आल्यावर रडत रडत देवीपुढं आणखी एक उपास बोलायची.

आता केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येत होते. पाळी थांबली होती. ज्या कुरिअरच्या ऑफिसात ती कामाला होती, तिथला एक जिना चढायला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं.

"पूर्णे," आत्ती म्हणाली, "उपास धरायचा असतो, तसा सोडायचाबी असतो. धरायचा ते आपण, सोडायचा ते देवाचं नाव घेऊन. न सोडलेला उपास देवाला पोचत न्हाय. तुझे दोन वर्षांचे उपास कुठं चाललेत, ते मला कळंना झालंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पूर्णिमानं काहीतरी ठणकावून सांगितलं असतं, ते तिला सवयीचं होतं. त्या हळू आवाजापुढं मात्र तिचं सगळं अवसान गळालं.

"आत्ती," ती म्हणाली, "मला आता जेवाय येत न्हाय."

आत्तीनं वातींचं तबक बाजूला सरकवलं आणि तिला जवळ घेतलं. मग ती म्हणाली, ते स्वतःशीच, "आन् मी तुला प्रत्येक उपासाला शाबासकी देत हुतो."

दुसऱ्या दिवशी आत्तीनं गाईचा घास दिला, पायांत चपला घातल्या आणि पूर्णिमाला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, नाडी बघितली, आणि डॉक्टरांनी तिथून त्यांना समुपदेशनाच्या सुष्मिता मॅडमकडं पाठवलं. मॅडम तिशीतल्या, गडहिंग्लजकडच्या. बोलताना हेल कानडी यायचा. त्यांनी पूर्णिमाला ना वजन विचारलं, ना उपदेश केला. एकच विचारलं.

"तुला नेमकं काय परत पाहिजे?"

कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आत्ती खिडकीबाहेर बघत होती.

"घरात कार्य असतंय बघा," पूर्णिमा म्हणाली. "पंगत बसलेली असती. सगळी बोलत असत्यात, हसत असत्यात, जेवत असत्यात. मला त्यात बसायचंय. कोण काय म्हणतंय, किती खाल्लं, कायबी डोक्यात न येता. नुसतं जेवायचंय."

"हे आपलं ठरलं," मॅडम म्हणाल्या. "सोपं नाही. पण होतं. मी होताना बघितलंय."

मग त्यांनी आहारतज्ज्ञाकडून वेळापत्रक करून घेतलं. तीन वेळा जेवण, मधे दोनदा काहीतरी. दर आठवड्याला भेट. सहा महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. आणि घरच्यांसाठी एक अट: ताटावर असताना तिच्या खाण्याबद्दल आणि अंगाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. कौतुकाचंसुद्धा.

आत्तीनं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आई पदर डोळ्याला लावून ऐकत राहिली. अमरसिंहांचा चेहरा पडला. दुकानात मिरवलेलं सगळं त्यांना आठवलं असावं. "एवढंच न्हवं? न्हाय बोलत," ते म्हणाले. "माझा शब्द हाय."

त्या रात्री सगळे ताटावर बसले. पूर्णिमानं अर्धी भाकरी मोडली.

"घे की आख्खी," अमरसिंह म्हणाले.

"पप्पा!" ऋतुराज ओरडला.

"मी काय बोललो? भाकरी घे म्हटलं!"

"त्येच बोलायचं न्हाय!"

"मग काय बोलायचं?"

"दुसरं कायबी बोला."

अमरसिंहांनी बराच वेळ दुसरं काहीतरी शोधलं. "आज ऊन लई हुतं," ते शेवटी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. "उन्हानं माणूस पार वाळतंय."

"अवं!" आई ओरडली.

"दिदी, मी बघ तुझ्या ताटाकडं बघतबी न्हाय," ऋतुराज म्हणाला, ताटाकडं बघत.

"बघू नको म्हटल्यावर कशाला सांगतोस बघत न्हाय म्हणून? खाऊ द्या की लेकराला. खातीया न्हवं ती तिचं तिचं? घास तरी घेतला काय गं?" आई म्हणाली आणि आमटी वाढता वाढता रडायला लागली.

पूर्णिमा उठली. अर्धी भाकरी तशीच राहिली.

असं आठवडाभर चाललं. मायेनं बोलत होते, आणि म्हणूनच त्यांना थांबवता येत नव्हतं. न बोलणं या घराच्या रक्तातच नव्हतं. मॅडमची अट फ्रिजवर लिहून चिकटवली, तर ऋतुराज ती मोठ्यानं वाचून दाखवायला लागला.

आषाढीच्या दोन दिवस आधी आत्तीनं सगळ्यांना देवघरापाशी बोलावलं.

"यंदाच्या चातुर्मासात मी मौनजेवणाचा नेम धरणार हाय," ती म्हणाली. "ताटावर बसल्यापासनं हात धुईस्तोवर शब्द न्हाय. आन् एकटी न्हाय. सगळं घर."

अमरसिंहांनी बोटांवर महिने मोजले. "आक्का, कार्तिकापातूर?"

"व्हय."

"मधी गणपती हाय, दसरा हाय, दिवाळी हाय!"

"हाईत की. मुक्यानं बी गोड लागतंय."

"आन् बोललो तर?"

"जुनी रीत अशी, की बोललं की ताटावरनं उठायचं. त्या वक्ताला पुन्हा जेवायचं न्हाय."

हे ऐकताच पूर्णिमाच्या मनात काहीतरी लकाकलं. एकच शब्द. नुसतं 'अगं आई' म्हटलं की उठायला मोकळं, तेही धर्मानं. तिनं चटकन मान खाली घातली, पण आत्तीनं तो चेहरा टिपला होता. दोन वर्षं टिपला नव्हता, त्याची भरपाई ती आता करत होती.

"पर ह्या घरात ताटावरनं कुणी उठायचं न्हाय," आत्ती तशाच हळू आवाजात म्हणाली. "जो बोलंल, त्यानं त्या वक्ताची सगळी भांडी घासायची. पितळेच्या पातेल्यासकट."

अमरसिंह मॅडमच्या अटीला बधले नव्हते. पण देवापुढं थोरल्या बहिणीनं धरलेला नेम मोडायची त्यांची टाप नव्हती. पोरांनी आणि बापानं मुकाट्यानं देवाला हात जोडले.

बाकीचे गेल्यावर पूर्णिमा मागं राहिली.

"आत्ती, माझे उपास? बोललेले हायत सगळे. मोडले तर देवी कोपंल."

ही भीती खोटी नव्हती. सुरुवातीला तिनं देवीला पुढं करून घराला फसवलं होतं. पण रोज फसवता फसवता ती स्वतःच त्या भीतीत पुरती अडकली होती. आत्ती हसली नाही. तिनं पळीभर पाणी आपल्या तळहातावर घेतलं आणि अंबाबाईच्या चांदीच्या टाकाकडं बघून म्हणाली, "आई, हिचा सोमवार, मंगळवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष, सगळे आजपासनं माझ्या अंगावर. हिच्याकडं कायबी मागू नगंस." आणि पाणी ताम्हनात सोडलं.

"तुम्ही एवढे उपास करणार?"

"मी आधीपासनं त्येच दिवस करतीया. जास्तीचं कायबी न्हाय," आत्ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत जरा मिश्किली चमकली. "देवीलाबी ते ठावं हाय."

पूर्णिमाला हसू आलं, रडूही आलं.

"आता तुला नवा नेम देतो. वेळापत्रकावर लिवलंय ते, त्या वक्ताला, ताटात पडंल तेवढं. तुझं मन रोज न्हाय म्हणंल. म्हणू दे. पहाटं चारला माझंबी मन उठ म्हणत न्हाय. नेम म्हंजे मनाला इचारायचं न्हाय पूर्णे. दिवा लावायचा तो लावायचा. मन मागनं येतंय, रडत-खडत."

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. घास घशाखाली उतरताना दगड उतरल्यासारखा वाटे. जेवण झाल्यावर तासभर तिला स्वतःच्या अंगात बसवत नसे. अशा वेळी आत्ती तिला निवडायला तांदूळ देई किंवा वाती वळायला बसवी, आणि तो तास कसाबसा सरे. दोनदा तिनं चपातीचा तुकडा ओढणीआड लपवला. दोन्ही वेळा स्वतःच सुष्मिता मॅडमना सांगितलं. "सांगितलंस ना? मग तो अर्धा खाल्ल्यासारखाच," मॅडम म्हणाल्या. "उरलेला अर्धा पुढच्या वेळी."

पण ताटावर शांतता होती. कुणी 'घे' म्हणत नव्हतं, कुणी 'बास' म्हणत नव्हतं. समोर आत्ती बसायची, घाई न करता जेवायची. पूर्णिमा तिच्या हाताकडं बघून घास उचलायची. आत्तीचा घास तोंडात, हिचा तोंडात. लहानपणी चालायला शिकताना धरला असेल तसा तो हात होता, फक्त मध्ये दोन ताटं होती.

अमरसिंहांनी पहिल्या आठवड्यात चार वेळा भांडी घासली. एकदा क्रिकेटमुळं, दोनदा सवयीनं, आणि चौथ्यांदा गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर 'हॅलो, बोला पावणं' म्हणाले म्हणून. त्यानंतर त्यांनी खुणांची भाषा काढली. मीठ पाहिजे असलं की चिमूट दाखवायची, ताक पाहिजे असलं की घुसळायचं. एकदा त्यांना लोणचं पाहिजे होतं. कैरी हातानं दाखवली, फोडली, तिला मसाला लावला, बरणीत भरली, फडक्याचा दादरा बांधला; आईनं गंभीरपणे उठून त्यांना उशी आणून दिली. ऋतुराजच्या नाकातून ताक आलं. पूर्णिमा तोंडावर हात दाबून इतकी हसली, की तिच्या बरगड्या दुखल्या. हात खाली घेतला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हसण्याच्या नादात आपण घास गिळलाय, आणि तो अडकला नाही.

श्रावण गेला. गौरी-गणपती झाले. ऑफिसचा जिना ती न थांबता चढायला लागली. एका सकाळी तिला जाग आली ती पोटातल्या आवाजानं. आधी ती घाबरली, काहीतरी बिघडलंय म्हणून. मग कळलं, की ही भूक आहे. कितीतरी दिवसांनी ती आपल्या पायांनी परत आली होती.

पण घास मोजणं थांबलं नव्हतं. शांततेत तर आकडे आणखी स्पष्ट ऐकू यायचे. एवढे झाले, एवढे राहिले. ती जेवत होती, पण जेवणात नव्हती.

आणि मग नवरात्र आलं.

घटस्थापनेला सगळं कोल्हापूर उपाशी असतं. ऑफिसात तिच्या शेजारी बसणारी अनुजा केळं सोलत म्हणाली, "तू धरलेस न्हवं नऊ दिवस? गेल्या वर्षी काय कडक केलेलीस बाई तू! मला न्हाय जमत तसं. देवीचा हात हाय तुझ्यावर."

गेल्या कित्येक महिन्यांत तिचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. ते शब्द पूर्णिमाच्या आत थेट जुन्या जागी जाऊन बसले. अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. घरी चालत येईस्तोवर तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त आजचा. फक्त देवीसाठी. देवीला नाही कसं म्हणायचं?

घट बसले होते. ताटं मांडली होती. सगळ्यांच्या ताटात वरी आणि शेंगदाण्याची आमटी. पूर्णिमाच्या ताटात वेळापत्रकाप्रमाणं भाकरी, वांग्याची भाजी, भात. ती ताटावर बसली आणि हात मांडीवर ठेवून तशीच राहिली. सगळे बघत होते. बोलता कुणालाच येत नव्हतं. अमरसिंहांनी ताटाखालच्या पाटाची कड घट्ट धरली.

आत्ती उठली. स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातातल्या ताटात भाकरी होती, वांग्याची भाजी होती, भात होता. वरीचं ताट तिनं बाजूला सारलं आणि पूर्णिमाच्या समोर आपल्या जागी बसली.

चाळीस वर्षांत आत्तीच्या तोंडात घटस्थापनेला धान्याचा कण गेला नव्हता. ताप आला तेव्हा नाही, मालक गेले त्या वर्षीही नाही. तिनं घटाकडं बघून हात जोडले, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि पूर्णिमाच्या डोळ्यांत बघत तो खाल्ला.

अमरसिंहांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ऋतुराजचा हात हवेत थांबला. घरात घटापुढच्या दिव्याची वात तडतडली, तेवढाच आवाज.

आत्तीनं दुसरा तुकडा मोडला आणि थांबली. वाट बघत राहिली.

पूर्णिमानं भाकरी मोडली. तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं, पण तिनं घास घेतला. मग दुसरा. आत्तीचा एक, हिचा एक. ताट संपेपर्यंत दोघींनी एकमेकींवरची नजर काढली नाही.

हात धुतल्या धुतल्या अमरसिंहांना कंठ फुटला. "आक्का! अगं चाळीस वर्सांचा तुझा—"

"चाळीस वर्सं देवीसाठी उपाशी राहिले," आत्ती हात पुसत म्हणाली. "यंदा देवीसाठीच जेवले. तिला समजतंय. तूबी समजून घे."

नऊही दिवस आत्ती पूर्णिमाबरोबर जेवली. आणि पूर्णिमाला, आयुष्यात पहिल्यांदा, देवघरातल्या त्या टाकाकडं बघताना भीती वाटली नाही.

कार्तिकात नेमाचं उद्यापन आलं. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची रीत. अमरसिंहांनी भली दांडगी पितळी घंटा आणली आणि गल्लीतल्या मारुतीला बांधली. घरी पुरणपोळीचं जेवण ठेवलं. आजऱ्याहून घनसाळ तांदूळ आला, कागलहून वर्षाराणी काकू आल्या. काकू म्हणजे अमरसिंहांच्या चुलतभावाची बायको. मनानं सोनं, तोंडानं तोफ.

आदल्या दिवशी पूर्णिमा मॅडमना म्हणाली होती, "उद्यापासनं सगळी बोलणार. मला भ्या वाटतंय."

"वाटू दे. जून महिन्यात काय मागितलं होतंस, आठवतंय?"

आठवत होतं. पंगत. म्हणूनच तर भीती वाटत होती.

जमिनीवर चटया अंथरल्या. बारा-तेरा पानं बसली. नेम सुटला होता, बोलायला सगळे मोकळे होते, आणि कुणीच बोलेना! अमरसिंहांनी सवयीनं घुसळायची खूण करून ताक मागितलं. काकू बघतच राहिल्या.

"काय वो भावजी, वाचा गेली काय? का सुतक पाळतायसा? पुरणपोळीवर बसून असली शांतता मी जल्मात बघितली न्हाय!" आणि तशाच वळून, "पूर्णे, अगं बया! केवढी भरलीस गं अंगानं!"

आईच्या हातातली तुपाची वाटी अर्ध्यावर थांबली. अमरसिंह लालबुंद झाले. ऋतुराजनं डोळे मिटून घेतले. आत्ती तेवढी खाली बघून आपली पोळी मोडत होती.

पूर्णिमाच्या कानांत शिंपीणबाईंचा टेप सळसळला. जुने आकडे रांगेनं उभे राहिले. तिचा हात पोळीवरून मागं सरकला. पण तो हात तिला दिसला. चार महिन्यांत त्याच्या शिरा आत गेल्या होत्या, नखं गुलाबी झाली होती. याच हातानं काल पार्सलची पेटी एकटीनं उचलून जिना चढून वर नेली होती. तो तिनं परत पोळीवर ठेवला.

"व्हय काकू," ती म्हणाली. "चार म्हैनं जेवतीया. कुठंतरी जाणारच की ते. पर एक सांगतो, माझं अंग सोडून कशावरबी बोला. तुमच्या सुनंवर बोला पायजे तर."

काकू अशा खदाखदा हसल्या, की पानातली भजी हलली. "व्हय गं बाई, सून! तिचं काय सांगू तुला! परवा पुरणपोळी केली तिनं, आन् कशासंगं वाढली माहिताय? दुधासंगं! गूळ इरघळून गुळवणी केलीच न्हाय!"

"दुधासंगंच खायची असती," ऋतुराज म्हणाला.

"कुणी सांगितलं?" अमरसिंहांच्या घशातून चार महिने अडवलेला आवाज एकदम सुटला. "गुळवणी पायजे! गुळवणीशिवाय पोळी म्हंजे पाण्याशिवाय मोटर!"

"अवं, तूप घ्या नुसतं! बाकी कशाची गरज न्हाय," आई.

"नुसतं तूप? " अमरसिंह काकूंकडं वळले. "वयनी, हे काय कागलात सांगू नगासा कुणाला!"

"पप्पा, गुळवणीत पोळीची चव कुठं राहती?" पूर्णिमा मध्ये पडली. "दुधात बुडवायची, मऊ झाली की उचलायची. पुरण जिभंवर आलं पायजे आधी."

"हां, बघ! दिदीला कळतंय!"

"तिला काय कळतंय? माझी पोरगी असून दूधवाली निघाली!"

"आन् कटाची आमटी? ती कुणीच धरंना झालंय!" कुणीतरी पलीकडून ओरडलं, आणि मग कुणाचा शब्द कुणाला कळेना. काकू मांडीवर थाप मारून बोलत होत्या. अमरसिंह उभे राहायच्या बेतात होते. पूर्णिमा एका हातानं पोळी दुधात बुडवत, दुसऱ्या हातानं पप्पांना थांबवत, तोंडात घास असतानाच भांडत होती. दूध कोपरापर्यंत आलं, ते तिनं पुसलं, पुन्हा भांडली. एका मुद्द्यावर काकूंना तिनं पुरतं निरुत्तर केलं आणि विजयानं पुढचा घास घ्यायला हात खाली नेला.

पान रिकामं होतं.

किती घास झाले? तिनं आठवायचा प्रयत्न केला. पहिला आठवत होता. दुसरा, बहुतेक. पुढं काहीच नाही. पोळी होती आणि आता नव्हती. मध्ये नुसता गोंगाट होता, वेलदोड्याचा वास होता, आणि काकूंचं हसणं. शांततेनं तिला जेवायला शिकवलं होतं. मोजायचं मात्र ती विसरली ती या आरड्याओरड्यात.

समोरून आत्तीनं मान वर केली. काहीतरी पुटपुटली. त्या गलक्यात ते ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण आत्तीचे डोळे ओले होते आणि ओठ हसत होते, तेवढं पुरेसं होतं.

पूर्णिमानं पोटावर हात ठेवला. भूक अजून होती. थोडी, पण होती. तिनं मान उंच केली आणि अमरसिंहांच्या लेकीला शोभेल अशा आवाजात हाक मारली.

"आई! पोळी आण की! हिकडं संपलीया माझी!"

"आले गं, आले!" आई पोळ्यांची परात घेऊन अक्षरशः पळत आली. वाढताना तिनं काही विचारलं नाही. पोळी गरम होती, फुगलेली, कडेनं पुरण डोकावत होतं.

"आता तरी गुळवणी घे," अमरसिंह म्हणाले.

"न्हाय घेत जावा," पूर्णिमा म्हणाली, आणि दुधाची वाटी पुढं ओढून, पप्पांना दाखवत दाखवत, ती पोळी खायला लागली.